दमट हवेंतील गारवा

गेल्या आषाढांत विरारला माझ्या भाच्याच्या घरीं दोन दिवस राहण्याचा योग आला. विरारच्या पश्चिमेस, जेथें माझ्या लहानपणीं भाताचीं खाचरें होतीं, तेथें आतां उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. त्यांपैकीं एकीच्या सातव्या मजल्यावर त्याचें बिऱ्हाड आहे. रात्रीं जेवणें आटोपून आम्ही गप्पा मारीत बसलों असतां भिंतीवरील वातानुकूलन यंत्रांतून पाणी ठिबकूं लागलें. प्रथम थेंब, मग धार. आणि खालीं नेमकें पुस्तकांचें कपाट. यंत्र अवघें दोन वर्षांचें, कपाळावर पांच तारे मिरविणारें. माझ्या वसईच्या घरीं खिडकींत बसविलेलें पंचवीस वर्षांचें जुनें धूड अजून घरघरत चालूं आहे. तें आठवून भाचा वैतागानें म्हणाला, "मामा, तुमच्या म्हाताऱ्या यंत्राला कोणी विचारीत नाहीं, तरी तें चालतें, आणि माझ्या ह्या नव्याला सहा महिन्यांनीं वैद्य लागतो. मग नवें घेऊन मीं मिळविलें काय?"

प्रश्न रागाचा होता, पण खरा होता. दुसऱ्या दिवशीं दुरुस्तीला जो मुलगा आला तो विशीबाविशीचा असावा. त्यानें यंत्राचें झांकण उतरविलें, तशी सूनबाई पदर नाकाला लावून आंतल्या खोलींत गेली. पातळ पत्र्यांच्या ज्या पडद्यांतून हवा गार होऊन येते, त्यावर विहिरीच्या पायरीवरील शेवाळासारखा काळपट-हिरवा थर साचला होता. पाणी बाहेर नेणारी नळी त्याच चिखलानें बुजली होती, म्हणून पाण्यानें सांपडेल ती वाट धरली. मुलगा म्हणाला, "साहेब, यंत्र चांगलें आहे. इथली हवाच अशी आहे." हें वाक्य त्यानें दिवसांतून दहा घरीं उच्चारलें असेल. मला मात्र त्यांत बराच इतिहास दिसला, आणि भाच्याच्या प्रश्नाचें उत्तरही त्यांतच आहे असें वाटलें.

वसईची हवा कशी आहे हें वसईकरास सांगावयास नको, इतरांसाठीं सांगतों. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचें मुख आणि पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, अशा चौकटींत हा प्रदेश बसला आहे. वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पावसाचे चार महिने हवेंतील आर्द्रता शेंकडा ८० च्या आसपास किंवा त्याहून वर असते. हा आंकडा कानावरून जातो, पण त्याचा अर्थ मनांत भरत नाहीं. तीस अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत अधिकांत अधिक सुमारें ३० ग्रॅम बाष्प मावतें. शेंकडा ८० आर्द्रता म्हणजे त्यापैकीं २४ ग्रॅम प्रत्यक्ष भरलेलें. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व तितकीच उंच अशा लहान खोलींतील हवेचा हिशेब केला, तर पाऊण लिटराहून अधिक पाणी त्या हवेंत अदृश्य रूपानें तरंगत असतें. दार-खिडकीच्या फटींतून त्यांत सारखी भर पडत असते ती निराळीच. शिवाय समुद्रावरून येणारा वारा मिठाचे सूक्ष्म कण बरोबर आणतो. ह्याच हवेवर वसईच्या वाड्यांतील केळी, पानवेली आणि फुलें पोसलीं. आणि पाऊस सरल्यावरच्या कोरड्या महिन्यांत ह्याच किनाऱ्यावर मीठ पिकतें व सुकेळीं वाळतात. दोष हवेचा आहे असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल.

पण ह्या हवेंत कोणतीही वस्तु एकदां करून ठेवली आणि विसरली असें चालत नाहीं, हें आमच्या वाडवडिलांस पक्कें ठाऊक होतें. वैशाख सरत आला कीं वाडीवाडींतून शाकारणीची धांदल उडे. वाडवळ असो, कुपारी असो कीं कोळी असो, मृग लागण्यापूर्वीं प्रत्येकाच्या घरावर माणूस चढलेला दिसावयाचाच. कौलें उतरवून, झाडून, फुटकीं बाजूला काढून पुन्हां बसवावयाचीं; पडवीला झापांचा आडोसा करावयाचा; भिंतींना चुना द्यावयाचा. चुना शोभेसाठीं देत अशी आपली समजूत असते, परंतु ताजा चुना तिखट क्षाराचा असल्यामुळें त्यावर बुरशीला पाय रोवतां येत नाहीं, हा त्याचा खरा उपयोग. गाद्या, गोधड्या, पोथ्या, मसाल्याच्या बरण्या एकदां उन्हांत निघाल्याशिवाय पावसाळा घरांत घेत नसत. माझी आजी ह्या कामाला "घराला न्हाऊं घालणें" म्हणे. घर जुनें झालें म्हणून शाकारणी करीत नसत. नव्या घराचीही पहिल्याच वर्षीं होई.

हें काम न झालें तर काय होतें, तें पहावयाचें असल्यास वसईच्या किल्ल्यांत जावें. १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहानें हा मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं तो किल्ला जिंकला. मधल्या दोनशें वर्षांत तेथें तट, बुरूज, मठ आणि प्रार्थनामंदिरें उभीं राहिलीं. चिरे असे कीं पाहत राहावें. आज बहुतेकांवर छप्पर नाहीं. शाळेंत असतांना मला वाटे कीं हीं सारीं खिंडारें तोफांचीं. पुढें डोळे उघडल्यावर दिसलें कीं ह्या पडझडींत पिंपळाच्या मुळांचाही मोठा हात आहे. माणूस निघून गेला, वासे कुजले, भिंतीच्या माथ्यावरील फटींत पाणी शिरलें, चुना विरघळला, एका पक्ष्यानें बी टाकलें, आणि पुढचें काम पावसानें सावकाश उरकलें.

आतां उकाड्याकडे वळूं. उष्णतेवर उपाय शोधण्याचा आपल्या देशांतील इतिहास जुना आहे, परंतु तो बहुतेक कोरड्या मुलखाचा इतिहास आहे. अकबराच्या दरबारीं सोऱ्याच्या पाण्यांत सुरई फिरवून पिण्याचें पाणी थंड करीत, आणि वाळ्याच्या मुळ्यांचे पडदे दारांना लावून त्यांवर पाणी शिंपडीत, असें अबुल फजल 'आइने अकबरी'त सांगतो. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यांत घरोघर खिडकीला जो कूलर लागतो, तो त्याच पडद्याचा वंशज. ओल्या पडद्यांतून कोरडी हवा जातांना पाणी सुकतें, सुकण्यास लागणारी उष्णता तें हवेंतूनच घेतें, आणि हवा गार होते. पण हवा आधींच बाष्पानें तुडुंब असेल तर पाणी सुकावें कसें? माझे एक स्नेही नागपुराहून बदली होऊन वसईस आले, ते मोठ्या प्रेमानें आपला कूलर बरोबर घेऊन आले. महिनाभरांत खोलीचा उकाडा होता तेथेंच राहिला, आणि गादीला मात्र दमट वास येऊं लागला. कूलर माळ्यावर गेला तो अजून तेथेंच आहे.

कोंकणपट्टीस म्हणून वाऱ्यावांचून दुसरा आधार नव्हता. इंग्रजी अमदानींत साहेबांच्या कचेरींत छताला कापडी झालरीचा लांब पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतींतील छिद्रांतून बाहेरच्या व्हरांड्यांत जाई, आणि तेथें बसलेला पंखेवाला ती तासन्‌ तास ओढी; हात थकला तर दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ओढी. आंतल्या माणसाला वारा लागे, माणूस दिसत नसे. झोंप लागून दोरी थांबली म्हणजे मात्र तो दिसे, आणि बहुधा मार खाई. ती दोरी आणि तें छिद्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, पुढें त्यांच्याशीं काम पडणार आहे.

मग बर्फ आला, तोही सातासमुद्रांपलीकडून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनें १८३३ सालीं 'टस्कनी' नांवाच्या जहाजांतून तळ्यांतील कापलेला बर्फ कलकत्त्यास पाठविला. निघतांना सुमारें १८० टन होता, चार महिन्यांच्या प्रवासानंतर शंभरएक टन उरला. पुढल्याच वर्षीं मुंबईस असा बर्फ उतरला. सर जमशेटजी जीजीभाईंच्या मेजवानींत बर्फाची मलई वाढली, तेव्हां यजमान व पाहुणे सर्वांस पडसें झालें अशी एक मौजेची गोष्ट सांगतात. त्या बर्फाची एक खूण अजून आपल्या घरांत आहे. यंत्र एक टनाचें घ्यावें कीं दीड टनाचें, असें आपण दुकानांत विचारतों, आणि पुष्कळांना वाटतें कीं हें यंत्राचें वजन. वस्तुतः तो टन बर्फाचा आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे २००० पौंड किंवा सुमारें ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषील तितकी शोषणारें यंत्र तें एक टनाचें. दीड टनाच्या यंत्राचा अर्थ असा कीं, आपल्या निजावयाच्या खोलीस रोज साडेतेराशें किलो बर्फाची चाकरी आपण लावून घेतली आहे.

येथवर सारा विचार उष्णतेचा होता. ओलीचा विचार प्रथम झाला तो एका छापखान्यांत. १९०२ सालीं न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील सॅकेट-विल्हेल्म्स ह्या छापखान्यास उन्हाळ्यांत मोठी अडचण येई. दमट हवेनें कागद फुगे, कोरडी हवा आली कीं आकसे, आणि रंगीत छपाईंत एका रंगावर दुसरा रंग जागच्या जागीं बसेना. हें कोडें सोडविण्याचें काम विलिस कॅरिअर नांवाच्या पंचविशींतल्या तरुण अभियंत्याकडे आलें. त्यानें गार पाण्याच्या नळ्यांवरून हवा नेली. हिंवाळ्यांत पहांटे गवतावर दंव पडतें तसें हवेंतील बाष्प नळ्यांवर पाणी होऊन उतरलें, आणि हवा कोरडी झाली. त्याच वर्षीं धुक्यानें भरलेल्या एका स्टेशनाच्या फलाटावर गाडीची वाट पाहतांना दंव आणि उष्णता यांचें गणित त्याच्या मनांत लख्ख उमटलें, असें सांगतात. म्हणजे ज्याला आपण उकाड्याचें औषध समजतों, तें यंत्र मुळांत कागदाची ओल काढण्यासाठीं जन्मलें. गारवा हा त्याचा जोडधंदा. गंमत अशी कीं, 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ सालीं स्टुअर्ट क्रेमर यानें रूढ केला तो सूतगिरण्यांच्या हवेंत ओल वाढविण्याच्या संदर्भांत, कारण कोरड्या हवेंत सूत तुटतें. मुंबईंत १८५४ सालीं कावसजी दावरांनीं गिरणीचा पाया घातला, आणि पुढें ह्या बेटावर गिरण्यांचें रान माजलें, त्याच्या कारणांत दमट हवेचीही गणना करतात. सुताला जी हवा मानवली ती कागदाला मानवत नाहीं. आणि, पुढें दिसेल त्याप्रमाणें, धातूलाही मानवत नाहीं.

हें यंत्र आपल्याकडे आलें कसें? १९३३ सालीं मुंबईंत उघडलेलें रीगल हें देशांतील पहिल्या वातानुकूलित चित्रपटगृहांपैकीं एक. परंतु वसईकराच्या दृष्टीनें त्याहून जवळची हकीकत फ्रंटियर मेलची आहे. १९२८ सालीं मुंबई ते पेशावर अशी ही दिमाखदार गाडी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेनें सुरू केली. त्याच लोहमार्गावर १८६७ सालीं विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धांवली होती. १९३४ सालीं ह्या मेलला थंड हवेचा डबा जोडण्यांत आला. त्यांत आजच्यासारखें यंत्र नव्हतें. डब्याच्या तळाशीं बंद पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरीत, आणि त्यांवरून पंख्यानें हवा खेळवून ती आंत सोडीत. वाटेंतल्या ठराविक स्टेशनांवर पेट्या पुन्हां भराव्या लागत. वसईच्या खाडीपुलावरून तो डबा झपाट्यानें निघून जातांना कांठावरच्या मिठागरांत राबणाऱ्या माणसाच्या मनांत काय आलें असेल, हें इतिहासांत नोंदलेलें नाहीं. तथापि त्या डब्याचा एक गुण असा होता कीं, त्याचा गारवा कोणाच्या श्रमावर चालतो हें फलाटावरच्या कोणालाही दिसत असे. लाद्या वाहणारे हमाल थांबले कीं गारवा थांबला.

घरगुती यंत्राची हकीकत थोडक्यांत आटोपतों. १९४३ सालीं मोहन अडवाणी यांनीं मुंबईंत ब्लू स्टारची स्थापना केली. १९५४ सालीं टाटा आणि फोल्कार्ट यांच्या भागींतून व्होल्टास निघाली. बरींच वर्षें हें यंत्र कचेऱ्या, चित्रपटगृहें आणि धनिकांचे बंगले यांपुरतें होतें. मध्यमवर्गाच्या घरांत तें शिरलें तेव्हां खिडकींतल्या पेटीच्या रूपानें शिरलें. तिची कुंडली अशी: जाड भिंतींच्या तांब्याच्या नळ्या, विरळ पत्रे, एक पंप आणि एक कळ. पंप चालूं तरी नाहीं तर बंद; मधली अवस्था त्याला ठाऊक नाहीं. वीज पाण्यासारखी पिई, आवाज पिठाच्या गिरणीसारखा. परंतु बिघडण्यासारखें तींत थोडेंच होतें. जपानांत तोशिबानें १९८१ सालीं घरगुती यंत्रांत 'इन्व्हर्टर' आणला, म्हणजे गरजेप्रमाणें पंपाचा वेग कमीजास्त करणारी विजेची रचना. ती आपल्याकडे पोंचावयास बराच काळ गेला. दरम्यान २००६ सालीं वीजबचतीच्या ताऱ्यांची योजना सुरू झाली, २०१० पासून वातानुकूलन यंत्रांवर हे तारे सक्तीचे झाले, आणि २०१८ पासून इन्व्हर्टर यंत्रांसही. ठराविक मुदतीनें कसोटी कडक होत गेली. काल ज्याला पांच तारे त्याला आज चार.

हे तारे कोठून मिळतात, हें भाच्याला समजावून सांगतांना मला स्वतःलाही उलगडत गेलें. थोड्या विजेंत तितकाच गारवा द्यावयाचा तर हवा आणि धातू यांची गांठ अधिक जागीं व अधिक जवळून पडली पाहिजे. म्हणून पत्रे वाढले आणि दाटीनें बसले. दोन पत्र्यांतील फट आतां दीड मिलिमीटराच्या आसपास असते. नळ्या बारीक झाल्या, आंतून खांचा पाडलेल्या. त्यांच्या भिंतीची जाडी पाव मिलिमीटराच्या घरांत आली. आंतील वायूही बदलला. जुना आर-२२ ओझोनच्या आवरणास घातक ठरल्यामुळें १९८७ च्या माँट्रियल करारानुसार मागें पडूं लागला. त्याच्या जागीं आलेला आर-३२ ह्या नळ्यांत जुन्याच्या दीडपटीहून अधिक दाबानें वावरतो. आणि पंपाचा वेग ठरविणारी नाजुक विद्युत्पट्टी बाहेरच्या पेटींत, उन्हापावसांत, मीठवाऱ्यांत जाऊन बसली. वीज वांचली ती खरोखर वांचली, तें मला नाकारावयाचें नाहीं. माझ्या म्हाताऱ्याचें बिल मीच भरतों. परंतु ती बचत बारकाईंतून आली आहे, आणि बारीक वस्तूला दमट हवेचें भय अधिक.

गार पत्र्यांवर, सुमारें दहा अंशांच्या जागीं, घनमीटरामागें नऊ ग्रॅमांच्या आसपासच बाष्प टिकतें. उरलेलें पाणी होऊन उतरतें. आषाढांत दीड टनाचें यंत्र ताशीं एक-दोन लिटर पाणी सहज काढतें, म्हणजे रात्रभरांत कळशी भरते. हें पाणी शुद्ध असतें, पण जेथें उतरतें ती जागा शुद्ध नसते. जाळींतून निसटलेली धूळ, कापसाचे तंतु, कांतडीचा भुगा, फोडणीचा तेलकट धूर, हें सारें त्या ओल्या पत्र्यांवर चिकटतें. अंधार, ओल आणि अन्न एकत्र आलें कीं बुरशीला निमंत्रण लागत नाहीं. जुन्या पेटीचा पंप अधूनमधून थांबे, तेवढ्यांत पत्रे थोडे सुकत. विरळ असल्यामुळें मळानें लवकर बुजतही नसत. नवें यंत्र मंदगतीनें रात्रभर चालतें, आणि पत्रे रात्रभर ओले राहतात. मंद चालींत ते पुष्कळदां तितके गारही होत नाहींत, म्हणून बाष्प कमी उतरतें. खोली थंड पण चिकट वाटते, आणि माणूस आंकडा खालीं खालीं नेत जातो. मळानें फट अर्धी बुजली कीं वारा अडतो, पत्र्यांवर प्रसंगीं बर्फ धरतो, आणि ताऱ्यांची सारी बचत त्या चिखलांत जिरते. यंत्र बंद करण्यापूर्वीं नुसता पंखा कांहीं वेळ चालूं ठेवून पत्रे सुकूं द्यावेत, हा साधा उपाय कित्येक नव्या यंत्रांत आयताच बसविलेला असतो. पण ती कळ कोणी दाबीत नाहीं.

बाहेरच्या पेटीची कथा निराळी. तेथें नळी तांब्याची आणि पत्रे ॲल्युमिनियमचे. दोन भिन्न धातू आणि मध्यें खारट ओल, म्हणजे नकळत एक विजेची बॅटरीच तयार होते, आणि तींत ॲल्युमिनियम झिजतें. कारखानदार पत्र्यांवर निळसर लेप देतात. तो कांहीं काळ राखतो, कायमचा नव्हे. वरचेवर गोड्या पाण्यानें मीठ धुऊन काढणें ह्याला पर्याय नाहीं. तांब्याचाही एक विचित्र रोग आहे. प्लायवूड, व्हार्निश, फरशी पुसण्याचीं कांहीं द्रावणें यांतून निघणाऱ्या वाफांपासून सौम्य आम्लें होतात. ओलीच्या संगतीनें तीं नळींत मुंग्यांच्या वारुळासारखीं वांकडींतिकडीं सूक्ष्म बिळें पोखरतात. नळीची भिंत जितकी पातळ तितकें बीळ आरपार लवकर जातें, आणि वायू निसटतो. येथेंच आपल्याकडे एक फसवणूक चालते. "गॅस संपला, भरावा लागेल," असें सांगून पैसे घेतले जातात. माझ्या घरीं एकाच उन्हाळ्यांत दोनदां घेतले गेले. हा वायू दिव्यांतल्या तेलासारखा जळून संपत नाहीं. तो कमी झाला असेल तर कोठेंतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजविल्याशिवाय भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें. राहतां राहिली विद्युत्पट्टी. तिच्या उबेला पावसाळ्यांत मुंग्या येतात, मुंग्यांमागें पाल येते, आणि पालीचा एक चुकीचा पाय पडला कीं हजारों रुपयांची पट्टी जळते. आमच्या आळींत गेल्या वर्षीं हें प्रत्यक्ष घडलें. पाल बिचारी तेथेंच चिकटलेली सांपडली.

घरगुती यंत्राच्या मालकाला जें पटत नाहीं तें आगगाडीच्या खात्याला केव्हांच पटलेलें आहे. पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजीं धांवली, आणि लवकरच ती चर्चगेट ते विरार अशी येऊं-जाऊं लागली. सुरुवातीस ती शनिवार-रविवारीं नसे. ते दोन दिवस देखभालीसाठीं राखलेले असत. विरारकर तेव्हां कुरकुरले कीं कोरी करकरीत गाडी आणि तिला आठवड्याला दोन दिवस विश्रांति कशाला? गाडी कोरी म्हणून विश्रांति नको, असें ती चालविणारांस वाटलें नाहीं. आणि हेच विरारकर घरीं येऊन आपल्या यंत्राची जाळीसुद्धां वर्ष वर्ष काढीत नाहींत, जी धुवावयास दहा मिनिटें लागतात आणि पंधरवड्यास एकदां धुतली तर निम्मा मळ आंत जातच नाहीं. माझ्या जुन्या यंत्राला कोणी विचारीत नाहीं हा भाच्याचा समज खरा नव्हता, हें येथेंच सांगून टाकतों. त्याची मामी पंचवीस वर्षें दर पंधरा दिवसांनीं ती जाळी न चुकतां धूत आली आहे. आम्हां दोघांच्याही तें कधीं ध्यानांत आलें नव्हतें.

आंतील पेटी धुऊन झाल्यावर मुलगा म्हणाला, "आतां बाहेरची." खिडकीबाहेर, सातव्या मजल्यावर, दीड हात रुंदीच्या छज्जावर ती पेटी लोखंडी कोनांवर बसविली होती. कोनांवर गंजाचे पापुद्रे आले होते. तिच्यापर्यंत जाण्यास दार नाहीं, कठडा नाहीं, दोर अडकविण्यास कडी नाहीं. इमारत बांधणारानें दिवाणखान्यास संगमरवर घातला, तळमजल्याला कारंजें केलें. प्रत्येक खोलींत असलें यंत्र बसणार हें ठाऊक असून त्याची चाकरी करणारा माणूस उभा कोठें राहणार, ह्याचा विचार नकाशांत नव्हता. मुलानें चपला काढल्या, खिडकीच्या गजांतून अंग काढलें आणि ओल्या छज्जावर पाय ठेवला. मीं ओरडून त्याला आंत बोलाविलें. तो हंसला. "आजोबा, रोजचें आहे," म्हणाला.

माझें लक्ष त्या क्षणीं भिंतीकडे गेलें. आंतल्या पेटींतून निघालेल्या तांब्याच्या नळ्या भिंतींतील एका वाटोळ्या छिद्रांतून बाहेर गेल्या होत्या. कचेरीच्या भिंतींत पंख्याच्या दोरीसाठीं असेच छिद्र असे. पलीकडे तेव्हां व्हरांडा तरी होता.

भाचा सोसायटीच्या चिटणीसाकडे जाऊन एक जाड दोर घेऊन आला. तो मुलाच्या कमरेस बांधून दुसरें टोंक आम्हीं खोलींतील खांबाला आंवळलें, आणि एक वेढा मीं स्वतःच्या मनगटाला घेतला. माझ्या वयाच्या माणसाचा उपयोग काय होणार होता तें देव जाणे. अर्धा तास आंतून गोड्या पाण्याच्या बादल्या जात होत्या आणि बाहेरून खाली येत होत्या. पत्र्यांतून प्रथम तपकिरी, मग राखी, मग स्वच्छ पाणी उतरलें. सोसायटीच्या पुढल्या सभेंत प्रत्येक छज्जाला कठडा आणि कडी बसविण्याचा ठराव भाच्यानें मांडला. खर्चाच्या कारणावरून तो पुढें ढकलला गेला आहे. पुन्हां मांडणार असें तो म्हणतो, आणि त्याचा मसुदा मीं लिहून दिला आहे.

मुलगा आंत आला तेव्हां सूनबाईनें त्याला चहा दिला. कप खालीं ठेवून त्यानें खिशांतली वही काढली आणि पुढल्या खेपेची तारीख विचारली. एक पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, आणि दुसरी?

"मृगाच्या आधीं," भाचा म्हणाला, आणि मुलानें जूनची चार तारीख लिहिली.